आधी तिनं हसावं, मग आपण



मागच्या खेपेला आम्ही याच रेडिओवर बोललो होतो की छातीत गाठ हाताला लागली तर लाजायचं नाही, लपवायचं नाही, दवाखाना गाठायचा. तो कार्यक्रम झाल्यावर दर्यापूरकडून एका बहिणीचा फोन आला. ती म्हणाली, "माह्या जावेले कॅन्सर झाला. घरी तीन महिन्यांपासून टीव्ही बंद हाये. पोट्टे हसले का सासूबाई डोये वटारते. जाऊ आपली खोलीत पडून राह्यते. मले एकच सांगा, तिच्यापुढं हसलं तं चालते का नाही?"

बचत गटाचं काम करताना आम्हाला रोज प्रश्न येतात. कर्ज कधी मिळते, आधार लिंक कसं करायचं, दाल मिलचं अनुदान कुठं अडकलं. त्यांची उत्तरं आमच्याजवळ तयार असतात. या प्रश्नाचं नव्हतं. आम्ही तिला म्हटलं, बाई, आम्हाला थोडा वेळ दे. आज तिलाच उत्तर देतो आहोत, म्हणजे तुम्हा सगळ्यांनाही ऐकता येईल. कारण हा आजार आता कोणाच्या घरापासून फार लांब राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं मोजलं, तर २०२२ या एका वर्षात आपल्या देशात स्तनाच्या कॅन्सरच्याच सुमारे १ लाख ९२ हजार नव्या बाया निघाल्या.

आम्ही डॉक्टर नाही. मूर्तिजापूर भागातल्या गटांमध्ये काही जणींचा उपचार आम्ही जवळून पाहिला, त्यांच्यासोबत एसटीनं, रेल्वेनं गेलो, दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून डबे खाल्ले, तेवढंच आमचं शिक्षण. एकीच्या बाबतीत आम्ही चुकलो, तेही सांगणार आहोत. पण आधी काकूंची गोष्ट.

काकू म्हणजे आमच्या एका गटाच्या कोषाध्यक्ष. वय बावन्न, सही करता येते, हिशेब तोंडपाठ. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून त्यांचं ऑपरेशन झालं, एक स्तन काढावा लागला. टाके सुकल्यावर अकोल्यात किमो सुरू झाली, दर २१ दिवसांनी एकदा. पहिल्या खेपेला सलाइनमधून लाल रंगाचं औषध गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता आमचा फोन वाजला. काकू रडत होत्या. "पोरी, लघवीतून रक्त जाऊन रायलं. संपलं माहं." आमचेही हातपाय गळाले. दवाखान्याच्या नंबरवर फोन लावला. तिकडची सिस्टर शांतपणे म्हणाली, "लाल औषध दिलं ना काल? एक-दोन दिवस लघवी लालसर होते. मी काल सांगितलं होतं की तुम्हाला." खरंच सांगितलं होतं. पण भीतीनं कान बंद झाले की सांगितलेलं आत जात नाही, काकूंच्याही नाही आणि सोबत गेलेल्या आमच्याही नाही.

आम्ही काकूंना कळवलं. फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मग एकदम म्हणाल्या, "म्हंजे म्या सकायी सकायी एकटीनंच रंगपंचमी खेयली म्हना की!" आणि हसायला लागल्या. तिकडं त्यांची सून हसली, इकडं आम्ही हसलो. पाच मिनिटांपूर्वी आम्ही सगळ्या मेल्यासारख्या झालो होतो.

यात एक गोष्ट नीट बघा. हसण्याआधी माहिती आली. ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे, हे कळलं म्हणून हसू आलं. कळण्याआधीच आम्ही "काही नाही होत काकू, हसा बरं" म्हटलं असतं, तर ती चेष्टाच झाली असती. म्हणून दवाखान्यात जाताना वही न्या. गटाच्या बैठकीचं इतिवृत्त लिहितो तसं डॉक्टर आणि सिस्टर जे सांगतात ते लिहून घ्या. काय होणार आहे हे आधी माहीत असलं की अर्धी भीती तिथंच गळते.

केसांचंही तसंच. काकूंना सांगितलं होतं की पहिल्या किमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जातील. उशीवर गुच्छे दिसायला लागले तसा त्यांनी गावातला न्हावी घरी बोलावला आणि स्वतःहून गोटा करून घेतला. न्हावी त्यांच्याच मुलाचा वर्गमित्र. तो पैसे घेईना. पुढच्या बैठकीला काकू डोक्यावरून पदर घेऊन आल्या, महिन्याची शंभर रुपये बचत दिली आणि वर आणखी ऐंशी रुपये सतरंजीवर ठेवले. "हे कायचे वं?" बायांनी विचारलं. म्हणाल्या, "तेलाची बाटली, शाम्पूच्या पुड्या, केस काये करायची पुडी, आकडे. सारं वाचलं. लिवा बचतीत." सचिव बाईनं हसत हसत रजिस्टरमध्ये लिहूनही टाकलं, 'डोक्याची बचत, रुपये ८०'.

खरा तमाशा मार्चमध्ये झाला. हिशेब तपासायला साहेब आले. पान उलटता उलटता थांबले. चष्मा वर करून म्हणाले, "हे 'डोक्याची बचत' कोणतं हेड आहे?" कोणीच बोलेना. काकूंनी पदर मागं सारला, गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हे हेड हाये, साहेब."

साहेबांचा चेहरा आम्ही जन्मभर विसरणार नाही. बिचारे उभेच राहिले. काकूच त्यांना म्हणाल्या, "बसा साहेब, हसा, म्या कायी मन्नावर घेत नाही." मग ते हसले. त्या दिवशी गटातली अशी एक बाई हसली जी दोन महिने काकूंच्या शेजारी बसायचं टाळत होती. तिला वाटायचं की हा आजार लागण्याचा आहे. बायांनो, एकदा स्पष्ट सांगतो. कॅन्सर शिवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, एका सतरंजीवर बसल्यानं होत नाही. हे त्या बाईला आम्ही तीनदा समजावलं होतं. तिनं मान हलवली होती आणि पुन्हा दूरच बसली होती. काकूंच्या 'हेड'नंतर ती उठून त्यांच्याजवळ आली, डोक्याला हात लावून बघितला आणि म्हणाली, "वं माय, नारयावानी लागते!" त्यानंतर ती रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसायला लागली.

आणखी एक गोष्ट रेडिओवर सांगावी की नाही, असा विचार आम्ही केला. काकूंनीच सांगायला सांगितलं. एका बाजूचा स्तन नसला की ब्लाउज विचित्र दिसतो, बाई वाकून चालायला लागते, पदर सारखा ओढते. बाजारात सिलिकॉनचं पॅड मिळतं, पण ते महाग. आपण कापसाच्या मुलखातल्या बाया, घरात कापसाला काय तोटा? जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारून, आम्ही सुती कापडाची गोल पिशवी शिवली आणि त्यात कापूस भरला. दिसायला झकास. पण कापूस हलका. राशनच्या रांगेत उभ्या असताना काकूंनी वर हात केला आणि ते पॅड सरकत सरकत पार खांद्याजवळ गेलं. मग वजन यावं म्हणून आत ज्वारी भरली. एक टाका उसवला, अंगणात बसल्या असताना दाणे सांडायला लागले आणि घरच्या कोंबड्या काकूंच्या मागं मागं फिरायला लागल्या. "इतके दिवस बुढा मागं फिरे, आता कोंबड्या!" हे काकूंचं वाक्य. काकाजी तिथंच बसले होते, तेही लाजून हसले. ऑपरेशन झाल्यापासून ते त्यांच्याकडं सरळ बघत नव्हते, हे आम्हाला काकूंनी नंतर सांगितलं. शेवटी मोहरीची लहानशी घट्ट पिशवी, दुहेरी शिवण, आणि तिच्याभोवती कापूस, असं जमलं. धुवायच्या आधी मोहरी काढून ठेवायची. आमच्या गटातल्या दोघी आता अशी पॅडं शिवून देतात.

तर हसण्यानं नेमकं होतं काय?

गाठ विरघळत नाही. हे पहिल्यांदा सांगतो, कारण हसण्यानं कॅन्सर बरा होतो असे निरोप मोबाईलवर फिरतात. ते खोटं आहे. ऑपरेशन, किमो, शेक, गोळ्या, डॉक्टरांनी जे सांगितलं तेच कामाचं. एकही तारीख चुकवायची नाही. हसणं हे औषध घ्यायची ताकद देतं, औषधाची जागा घेत नाही. अमेरिकेत नॉर्मन कझिन्स नावाचे एक संपादक होते. १९६४ मध्ये सांध्यांच्या फार दुखण्यानं ते अंथरुणाला खिळले. विनोदी सिनेमे बघून दहा मिनिटं पोटभर हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते, असं त्यांनी पुढं लिहिलं. ते खूप गाजलं. पण त्यांना कॅन्सर नव्हता आणि डॉक्टरही त्यांनी सोडला नव्हता, हे सांगणारे विसरतात.

तरी दुखणं थोडं सुसह्य होतं, यात तथ्य आहे. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार या प्राध्यापकांनी २०११ मध्ये प्रयोग छापले. लोकांना विनोदी चित्रफिती दाखवल्या आणि आधी व नंतर ते किती दुखणं सहन करतात ते मोजलं. पोटातून हसलेल्यांची सहन करण्याची ताकद वाढलेली निघाली. हसताना शरीरातच वेदना कमी करणारं द्रव्य तयार होतं, असं त्यांचं म्हणणं. पोट हलतं, श्वास खोल जातो, आवळून धरलेले खांदे सैल होतात. आणि माणूस एकट्यानं असं फार कमी हसतं. चारचौघांत हसतं. आम्हाला यात हेच मोठं वाटतं. कॅन्सर झालेल्या बाईकडं लोक येतात, तेव्हा आवाज बारीक करून, तोंड पाडून येतात. दहा मिनिटं बसतात, "देवाची मर्जी" म्हणतात, जातात. तिच्याशी कोणी भांडत नाही, तिला कोणी उधार मागत नाही, तिच्या भाजीला नाव ठेवत नाही. ती जिवंत असून तिला गावातून वजा केलेलं असतं. तिच्या बरोबरीनं कोणी हसलं की तिचं नाव पुन्हा यादीत येतं.

आता आमची चूक.

काकूंच्या आधी, काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या गटातल्या एका ताईंना तोंडाचा कॅन्सर झाला होता. लहानपणापासून गुडाखू घासायची सवय. आम्ही तेव्हा नुकतंच एक प्रशिक्षण करून आलो होतो, त्यात हास्ययोग शिकवला होता. आम्हाला वाटलं, हेच ताईंना पाहिजे. दहा-बारा जणी त्यांच्या अंगणात गेलो, गोल उभ्या राहिलो, हात वर करून "हा हा, हो हो" सुरू केलं. ताई खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर घेतला. आम्हाला वाटलं, लाजल्या. आम्ही आणखी जोरात हसलो. "हसा ताई, हिंमत धरा, हसलं का बरं वाटते!"

पंधरा दिवसांनी त्यांच्या बहिणीनं आम्हाला सांगितलं. शेक घेतल्यापासून ताईंचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून तोंड उघडायचा व्यायाम चालू होता, रोज एक काडी वाढवायची, तीही जमत नव्हती. आतून सगळं सोललेलं. हसायला गेलं की रक्त यायचं. त्या बहिणीला म्हणाल्या होत्या, "त्या हसून रायल्या होत्या अन् मी मोजून रायली होती, कधी जातीन म्हून."

ताई पुढं वारल्या. गावात लोक म्हणाले, "हिंमत सोडली तिनं." आणि खोटं कशाला बोलू, आम्हीही मान हलवली होती. ते आज आठवलं की मान खाली जाते. ताईंनी काहीही सोडलं नव्हतं. काडीवर काडी ठेवत होत्या त्या.

हिंमत आणि हसू यावर माणूस वाचत असता, तर अतुल परचुरे आज असते. आयुष्यभर लोकांना हसवलं, रंगभूमीवर पु. ल. देशपांडे उभे केले, लिव्हरचा कॅन्सर झाल्यावर उपचार घेतले, पुन्हा कामाला लागले, आणि १४ ऑक्टोबर २०२४ ला गेले. आपल्या अमरावती जिल्ह्यातले तुकडोजी महाराज घ्या. खंजिरीवर गावंच्या गावं जागी करणारा माणूस. त्यांनाही कॅन्सरनंच गाठलं, ११ ऑक्टोबर १९६८ ला मोझरीला देह ठेवला. नागपूरच्या कॅन्सर हॉस्पिटलला त्यांचंच नाव आहे. त्यांच्यात हिंमत कमी होती असं म्हणायची कोणाची छाती आहे? मग आपल्या गल्लीतल्या बाईला कशाला म्हणायचं? मोझरीला दरवर्षी लाखो माणसं एकाच वेळी उभी राहून मौन पाळतात. म्हणजे गप्प राहणं आपल्या वऱ्हाडाला येतं. ताईंच्या अंगणात आम्हाला ते सुचलं नाही.

पुढं वाचताना आम्हाला हास्यक्लबची मूळ गोष्ट कळली. मुंबईच्या डॉ. मदन कटारिया यांनी मार्च १९९५ मध्ये पाच माणसं घेऊन बागेत पहिला क्लब सुरू केला. सुरुवातीला ते एकमेकांना विनोद सांगायचे. पंधरवड्यातच चांगले विनोद संपले आणि उरले ते कोणाला तरी टोचणारे. लोक नाराज झाले. म्हणून त्यांनी विनोद बंद केले आणि नुसत्या हसण्याचा व्यायाम सुरू केला. निरोगी माणसाला तो चांगलाच आहे, आमच्या प्रभाग संघाच्या सभेत आम्ही अजून करतो. पण विनोद टोचतो, हे ज्यानं हसण्याचीच चळवळ काढली त्याला पंधरा दिवसांत कळलं. आम्हाला एक बाई जावी लागली.

म्हणून काकूंच्या वेळी आम्ही एकच ठरवलं. आधी त्यांनी हसावं, मग आपण. काकूंच्या डोक्यावर विनोद करायचा हक्क काकूंचा. 'नारळ' म्हणणारी बाईसुद्धा काकूंनी पदर मागं सारल्यावर बोलली, आधी नाही. तिच्या शरीरावर, तिच्या नवऱ्यावर, मरणावर आपण होऊन काही बोलायचं नाही. ती बोलली तर ऐकायचं, आणि हसण्यासारखं असेल तर मनापासून हसायचं. "असं अभद्र बोलू नको वं" म्हणून तिचं तोंड दाबायचं नाही. काकू एकदा म्हणाल्या होत्या, "माह्या तेराव्याले बुंदी करा, मले लाडू चावत नाही." सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही विचारलं, "आणि भाजी कोणती?" काकूंनी सगळा बेत सांगितला. त्या गप्पांत हळूच एक खरी गोष्ट निघाली, की त्यांच्या नावावरचं दीड एकर त्यांना लेकीलाही द्यायचं होतं आणि बोलायची भीती वाटत होती. हसत हसत तोंड उघडलं म्हणून ते बाहेर आलं.

आपण विनोद करायचाच तर आपल्या स्वतःवर करावा, किंवा आजाराच्या आजूबाजूच्या कटकटीवर. फॉर्मवर, रांगेवर, पंख्यावर, डब्यातल्या खिचडीवर. कोजागिरीच्या आधीचे दिवस होते, गावात पोरींचं भुलाबाईचं चालू होतं. तुम्हाला माहीतच आहे, गाणी झाली की झाकलेला डबा वाजवून खिरापत ओळखायची. किमोमुळं काकूंच्या तोंडाची चव गेलेली, जे खाल्लं ते लोखंडासारखं लागायचं. पोरी त्यांच्या ओट्यावर आल्या. "आजी, ओयखा!" काकूंनी डबा हलवून ऐकला, एक दाणा तोंडात टाकला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "खिये." पोरी हसल्या. दुसऱ्या दिवशी शंकरपाळे. "गंजलेले खिये." तिसऱ्या दिवशी पोरींनीच विचारलं, "आजी, आज कोणत्या नंबरचे खिये?" त्या आठ दिवसांत काकूंच्या पोटात जेवढं गेलं, तेवढं महिनाभर गेलं नव्हतं. आणि एक कामाची गोष्ट समजली. चव लोखंडासारखी लागत असेल तर स्टीलचा चमचा सोडून लाकडी किंवा प्लास्टिकचा वापरावा, जेवण गरमागरम देण्याऐवजी थंड करून द्यावं, वास कमी येतो. तोंड आलं नसेल तर लिंबू पिळलेलं पाणी चालतं. तोंड आलं असेल तर लिंबूही नको, तिखटही नको आणि हसवणंही जरा बेतानं. ऑपरेशनचे टाके ताजे असतील तरी तसंच. पोट धरून हसवू नका, टाक्यांना ताण बसतो आणि ती मनात शिव्या देते.

हसण्याचा एक धोका आम्ही उशिरा ओळखला. तिसऱ्या किमोनंतर दहाव्या दिवशी काकूंना फोन केला. "मी तं मजेत हाये वं, नवरी वानी लोयली हाये पलंगावर." आम्ही हसून फोन ठेवला. तासाभरानं सुनेचा फोन आला, अंग तव्यासारखं तापलं होतं. थर्मामीटरमध्ये १०१. रात्रीच गाडी करून अकोल्याला नेलं. पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या, चार दिवस भरती ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, सकाळवर ढकललं असतं तर जिवावर बेतलं असतं. हसवणारी बाई आपलं दुखणं विनोदाखाली झाकते, दुसऱ्यांना त्रास नको म्हणून. त्या दिवसापासून काकू "मजेत" म्हणाल्या की आमचा पुढचा प्रश्न ठरलेला, "थर्मामीटर काय म्हणते?" किमो चालू असताना ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला, तर क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, गावठी काढा नाही, त्याच वेळी दवाखाना. घरात थर्मामीटर नसेल तर गटातून घ्या, शे-दोनशे रुपयांचं काम आहे.

आणि ती हसतच नसेल तर? दोन-दोन आठवडे बोलत नसेल, जेवत नसेल, झोपत नसेल, जगणं नको म्हणत असेल, तर तिथं विनोदाचं काम नाही. ते मनाचं दुखणं आहे, त्यालाही औषध आहे. डॉक्टरांना सांगा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

आमच्यातली एक बाई उपचारासाठी परळला टाटा हॉस्पिटलला गेली होती. फॉर्म भरून दिला तर कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत आणि एसटीत सवलत मिळते, तेवढंही कोणी सांगत नाही, म्हणून सांगून ठेवतो. मुंबईत राहायचं कुठं, हा मोठा प्रश्न. ती दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिली. तिथं देशभरातले कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं उतरतात. आपल्या शेंडगावचा माणूस, डोक्यावर गाडगं, हातात खराटा, २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ रस्त्यातच गेला, आणि त्याच्या नावाच्या छपराखाली मुंबईत आजही आजारी माणूस झोपतो. बाबांच्या कीर्तनाला आमच्या आजीच्या पिढीच्या बाया गेल्या होत्या. त्या सांगायच्या, बाबा उपदेश कमी करत, प्रश्नच जास्त विचारत, आणि लोक हसता हसता आपल्याच मूर्खपणाला लाजत. बकरं कापणं, कर्ज काढून लग्न करणं, दारू, यांची ते टर उडवत. आजारी माणसाची कधी नाही. आमची बाई सांगत होती, धर्मशाळेत रात्री नळावर कपडे धुताना कोणीतरी म्हणालं, "काहून वं, साबन सरली काय?" हिनं वळून पाहिलं. "कोनतं गाव तुमचं?" "अचलपूर." बस. तिथून पुढं दीड महिना दोघी एकमेकींच्या टकलाला 'विमानतळ' म्हणत होत्या. दोघींचंही टक्कल होतं, म्हणून चालत होतं.

आता दर्यापूरच्या बहिणीला काय सांगितलं ते. खरं म्हणजे रेडिओवर यायच्या आधीच आम्हाला राहवलं नाही, फोन केला. म्हटलं, जावेला हसवायला जाऊ नको. फक्त खोलीचं दार उघडं ठेव आणि टीव्ही लाव. पोरांना आवरू नको. सासूबाईंना सांग, घर शांत ठेवलं की तिला वाटतं आपण आत्ताच गेलो. आणि तिला विचार, तुला काय पाहिजे.

परवा तिचा पुन्हा फोन आला. टीव्ही लावला म्हणे. पहिले दोन दिवस जाऊ बाहेर आलीच नाही. तिसऱ्या दिवशी साडेसातच्या मालिकेचं गाणं लागलं, तशी भिंतीला धरून धरून आली, दाराशी बसली. थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तीन महिने झाले म्या पाह्यली नाही. काय काय झालं वं मंधात?" ही सांगायला लागली. सासूबाईही मधे मधे आठवण करून देत होत्या. दोन मिनिटांतच सांगायचं संपलं. तीन महिन्यांपूर्वी ज्या पोरीचं लग्न लागत होतं, तिचं अजून लागतच होतं.

जाऊ म्हणाली, "माह्या चार किमो झाल्या, अन् यायचं एक लगन नाही झालं?"

आधी तीच हसली म्हणे. मग सासूबाई.